चूलबंद आवतण

“सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, काकी?”

सुलूने मान वर केली नाही. दांडीच्या कोळणीकडून सकाळी घेतलेला सुका जवळा सुपात पसरून ती त्यातला कचरा वेचत होती. दारात उभ्या असलेल्या शैलेशची सावली सुपावर पडली, तेव्हा तिने सूप उजेडाकडे सरकवले.

“सगळ्यांना म्हंजे सगळ्यांना. विहिरीपासून नाल्यापर्यंत. आळी तेवढीच हाय.”

“भाडेकरूंना पण?”

“जिथं चूल पेटते तिथं सांगायचं. भाडं कोन भरतो ते आवतणात कधी विचारलंय?”

शैलेश हसला. तो तिच्या दिवंगत नवऱ्याचा, नरहरीचा पुतण्या. आळीत आज जे काही उभे होते त्यातले बहुतेक त्याचे होते, आणि जे त्याचे नव्हते ते त्याने विकलेले होते. आठ दिवसांवर त्याच्या मुलीचे, किंजलचे लग्न आले होते. उमरोळीच्या बाजूला एका लॉनवर मांडव ठरला होता, जेवणाची पाने मोजून सांगितली होती, आणि निमंत्रणपत्रिका सुक्यामेव्याच्या खोक्यांतून मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. त्यामुळे आज सकाळी इंद्रजीत नावाच्या एका भाडेकरूने वाट अडवून “सेठ, शादी में कितने बजे आना है?” असे अदबीने विचारले, तेव्हा शैलेशला ती थट्टा वाटली होती. ती थट्टा नव्हती, हे कळायला त्याला आणखी तीन भाडेकरू भेटावे लागले.

आळीतल्या लग्नाचे आवतण एका बाईने द्यायचे, ही पानआळीची जुनी रीत. बोलावणारीने ओंजळीतल्या वाटीत कुंकवाचे तांदूळ घ्यायचे, दारात उभे राहून चिमूटभर उंबऱ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, “अमक्याच्या घरचं लग्न, तुमची चूल बंद.” म्हणजे घरातल्या लहानथोरांनी सगळ्यांनी यायचे, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. एकही दार वगळायचे नाही. पहिली चिमूट स्वतःच्या उंबऱ्यावर ठेवायची, मग भांडण असेल तिथे आधी जायचे. आणि लग्नाच्या दिवशी बोलावणारीने सगळ्यात शेवटी जेवायचे. तिच्या शब्दावर निघालेला शेवटचा माणूस पानावर बसल्याशिवाय तिने पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. सासूच्या हातून ही वाटी सुलूकडे आली होती, आणि नरहरी गेल्यावरही ती तिच्याकडेच राहिली होती. वाटी आल्यापासून जखमेवरच्या पट्ट्या गुंडाळण्याच्या कारखान्यातली पाळी सांभाळून तिने आळीतल्या प्रत्येक लग्नाचे आवतण दिले होते. कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारल्याचे तिला आठवत नव्हते. आळीत मात्र वाटी घेऊन ती निघाली की बसलेली माणसे उठून उभी राहत.

पण ती आळी कोणती, हाच खरा प्रश्न होता, आणि तो विचारण्याची कुणाला फुरसत नव्हती.

पानआळी हे नाव आता विजेच्या बिलावर उरले होते, आणि शैलेशने उभ्या केलेल्या सातमजली इमारतीच्या कमानीवर: ‘पानवेल हाइट्स’. जे तोडले त्याचे नाव जे बांधले त्याला द्यायचे, हा शिष्टाचार सबंध बोईसरात रूढ होता. आमराई, नारळबाग, बकुळवन अशा इमारतींची नावे ओळीने वाचत गेले, तर श्राद्धाला पितरांची नावे घेतल्यासारखे वाटावे. सुलू लग्न होऊन आली तेव्हा इथे खरोखरच पानाचे मळे होते. वेलींच्या गर्द सावलीत पाऊल टाकताना चपला बाहेर काढाव्या लागत. मग अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे मल्याळी फिटर आले आणि त्यांनी सासऱ्याकडे बैलांचा रिकामा गोठा राहायला मागितला. हे आळीतले पहिले भाडेकरू. माणसांपेक्षा बैलांना जास्त वारा लागतो, अशी त्या वेळी लोकांची समजूत होती. गोठ्याला खिडकी होती, नंतर बांधलेल्या खोल्यांना ती नव्हती.

पुढे कारखान्यांची वसाहत आली. ‘सार्वजनिक हित’ हा शब्द आळीने पहिल्यांदा नोटिशीत वाचला. त्यातले सार्वजनिक म्हणजे आपण नव्हे, हे समजायला एक पिढी जावी लागली. विहिरीचे पाणी आधी तांबूस झाले, मग कधी निळे, कधी पिवळे. कुठल्या कारखान्यात आज कुठला रंग शिजतो आहे ते पोहरा वर आला की कळे. वेली जळाल्या. वेलींच्या जागी खोल्या आल्या, खोल्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आले. एकाच चटईवर दिवसपाळीचा माणूस रात्री आणि रातपाळीचा दिवसा झोपू लागला, आणि चटई कधी थंड होईनाशी झाली. मग त्यांच्या बायका आल्या, मुले आली, छठपूजेच्या टोपल्या आल्या. मूळ घरे एकेक करून वसई-विरारला आणि त्याही पलीकडे गेली. जी राहिली ती फलकांवर स्वतःला भूमिपुत्र म्हणवू लागली. जमीन विकून झाल्यावरच माणूस भूमिपुत्र होतो, हे या भागाच्या राजकीय शब्दकोशातले एक लक्षणीय वैशिष्ट्य आहे.

सुलूने हा सारा इतिहास नाकाने वाचला होता. संध्याकाळी चुली पेटल्या की कुठल्या दारामागे कोण आले, कोण गेले, ते तिला फोडणीवरून कळे: खोबरेल आणि कढीपत्ता, मग मोहरीचे तेल, मग पाच मसाल्यांची ओडिया फोडणी. तिच्या लेखी माणसे बदलली होती. चुली वाढल्या होत्या. आळीची शीव मात्र तीच होती.

“काकी,” शैलेश आता उंबऱ्यावर बसला. त्याचा आवाज मऊ झाला. तो मऊ बोलायचा तेव्हाच कागद पुढे करायचा. “ते सगळं व्हिडिओसाठी होतं. किंजलची हौस. चार जुनी घरं शूट करायची, एवढंच ठरलं होतं ना?”

“चार घरं त्या कॅमेऱ्यावाल्याबरोबर केली. मंग तो चहा पिऊन गेला. बाकीची मी एकटीनं केली.”

“पण कशाला?”

“तूच बोल्लास ना, आळीला आवतण दे म्हणून? आवतण काय चार घराचं असतं? ती तर भेट झाली.”

“अगं, लॉनवर एवढी माणसं घेणार आहेत का? आणि आलेले पाहुणे बघतील काय? माझी विहीण कोण आहे माहीत आहे ना तुला?” त्याने कपाळ पुसले. “आता असं कर. जा आणि सांग, म्हातारपणामुळे चूक झाली. वाईट नाही वाटणार कुणाला.”

“आवतण परत घेत नायत, शैलेश.”

“असं कुठे लिहिलंय?”

“कुटंच नाय.”

“मग?” शैलेशने तिच्या खोलीवरून नजर फिरवली. एक पलंग, देवांचा कोनाडा, गॅसची एका बर्नरची शेगडी, भिंतीवर नरहरीचा फोटो. “ही खोली पण अशीच आहे ना, काकी? काका गेले तेव्हा तू सह्या करून दिल्यास. मी म्हटलं, राहा, तुझीच आहे. लिहिलं कुठेच नाही. आपण रीतीनंच चाललो. मी कधी विषय काढला?”

सुलूची बोटे सुपात थांबली.

शैलेश उठला, चपला पायात सरकवल्या. “नाल्याकडच्या खोल्यांपासून सुरुवात कर,” तो जाता जाता म्हणाला. “ती माणसं काही बोलत नाहीत.”

त्या दुपारी सुलू जेवली नाही. भात झाकून ठेवला आणि पदर खोचून दारात उभी राहिली. परत आत आली, पाणी प्याली, पुन्हा दारात गेली. तिचे वय सत्तरीकडे झुकले होते. या वयात खोली सुटली तर कुठे जायचे, याचा विचार तिने आजवर नीट केलाच नव्हता. आज तो तिच्या पायांत शिरला होता. दातिवऱ्याचे माहेर भावाच्या मुलांचे झाले होते. नरहरीच्या फोटोकडे तिने पाहिले. सह्या करताना तो असता तर काय म्हणाला असता? तोही सही करून मोकळा झाला असता. तो कधी कुणाला नाही म्हणाला नव्हता. त्याच्या भल्या स्वभावाचे सगळे गोडवे गात, आणि त्या भलेपणाची किंमत म्हणून ही एक खोली तिच्या वाट्याला आली होती.

वाटी न घेता ती निघाली. वाटेत दोघी बायका नळावर उठून उभ्या राहिल्या. तिने पाहिले न पाहिल्यासारखे केले.

नाल्याकडच्या शेवटच्या खोलीत जिवली राहत होती. जव्हारकडच्या डोंगरात भावाबरोबर तुकडाभर भातशेती करायची आणि भात निघाला की इमारतींच्या कामावर उतरायचे, असे तिचे वर्ष होते. यंदा ती उतरली ती थेट या खोलीत. पहिल्याच दिवशी सुलूने विचारले होते, कुणाची गो तू? जिवलीने सांगितले होते, सुकाची नात. आणि मग मोरीकडे बोट करून, कुठलाही सूर न लावता, ती म्हणाली होती, “इथंच व्हती ना त्याची खोपटी?”

तिथेच होती. सुका सासऱ्याच्या मळ्यात राबायचा, त्याची बायको मंगळी वेली बांधायची. खोपटीतून धूर निघायचा, पण ती चूल आळी चूल धरत नसे. एकही दार वगळायचे नाही असे सांगणाऱ्या सासूची वाटी नाल्याच्या अलीकडेच थांबे. सगळ्यांच्या पंगती उठल्या की सुकाचे लोक वाडीच्या मागच्या बाजूला येत, आपापली भांडी घेऊन, आणि उरलेले वाढून नेत. या नियमाला कुणी नियम म्हणत नव्हते, म्हणूनच तो कधी मोडला गेला नाही. पुढे जमीन संपादन झाली तेव्हा ज्यांची नावे सातबाऱ्यावर होती त्यांना मोबदला मिळाला. खोपटीचे नाव कुठेच नव्हते. जे कागदावर नव्हते ते विस्थापितसुद्धा ठरले नाहीत. ते नुसते दिसेनासे झाले.

चार दिवसांपूर्वी सुलूने या उंबऱ्यावर तांदूळ ठेवले तेव्हा जिवली गोंधळून उभी राहिली होती.

“आमालाबी?”

“चूल हाय ना तुजी?”

“हाय.”

“मंग.”

एवढेच बोलणे झाले होते. परतताना सुलूला उगीच हलके वाटले होते. सासूची राहिलेली एक फेरी आपण पुरी केली, असे काहीतरी.

आता जिवली दारात भाजी निवडत होती. सुलूला पाहून तिने पाट पुढे सरकवला. सुलू बसली नाही.

“जिवले, ते... लग्नाचं.” तिने भिंतीचा आधार घेतला. “माजी चूक झाली. मला नीट सांगलं नव्हतं. तुमी नका येऊ.”

जिवलीचा हात थांबला नाही. तिने एक काडी मोडली, पाने टोपलीत टाकली.

“मना ठावं व्हतं,” ती म्हणाली. “मी कुनाला बोलले नाय. भावालाबी नाय सांगलं.”

“रागावलीस?”

“राग कशाचा?” जिवली उठली. आत जाऊन तिने चुलीमागच्या फळीवरून कागदाची एक पुडी आणली आणि सुलूपुढे धरली. “हे घे. तुजं तांदूळ.”

“राहू दे गो.”

“नको. आवतण नाय तर तांदूळ कशाला?”

पुडी सुलूच्या तळहातावर आली. आत मोजके दाणे, कुंकवाने लालसर झालेले. एकही सांडलेला नव्हता. सुलूला वाटले, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. शैलेशचे बोलणे तिला आठवले: ती माणसं काही बोलत नाहीत. म्हणून तर तो म्हणाला, तिथून सुरुवात कर. आणि आपण तिथूनच केली.

तिथून ती इंद्रजीतच्या दारापर्यंत गेली. तो रंगाच्या कारखान्यात होता, त्याच्या नखांची निळाई कधी जात नसे. त्याची बायको दीपिका दोरीवर नवी साडी वाळत घालत होती. साडीची घडी अजून मोडलेली नव्हती.

“चाची, बैठो ना,” इंद्रजीत खुर्ची घेऊन बाहेर आला. “आप ही की बात हो रही थी. सात साल हो गए यहाँ, पहली बार किसी ने दरवाजे पे आ के बुलाया. मैंने सुपरवाइजर को बोल दिया, उस दिन छुट्टी चाहिए, घर में शादी है.”

“घर में बोला?” दीपिका हसली. “झूठा.”

“आळी म्हणजे घरच ना, चाची? तुम्ही तेच बोलली ना?” त्याने मराठीत विचारले. ते वाक्य तो पाठ करून ठेवल्यासारखा बोलला.

सुलूने पुडी मुठीत घट्ट धरली. “हा,” ती म्हणाली. “बोलले मी.”

आणि घरी परत आली.

पुढचे दोन दिवस तिने दार लोटून घेतले. रस्त्यावर गाडी थांबली की शैलेशच आला असे वाटून ती कडी घाली. काय सांगायचे? सगळ्यांना सांगून आले, असे खोटे सांगायचे? आणि लग्नादिवशी हे सगळे न्हाऊनमाखून, पोरांना नवे कपडे घालून लॉनच्या दारात उभे राहिले म्हणजे? तिथल्या गणवेशवाल्या पहारेकऱ्यांनी पत्रिका मागितली म्हणजे? दीपिकाची ती साडी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एकदा तिने देवाच्या कोनाड्यातली वाटी काढून पदराने पुसली, आणि ती कशासाठी काढली हे न आठवून परत ठेवली.

शैलेश आलाच नाही. त्याला काकीचा भरवसा नव्हता, आणि काकीची गरजही नव्हती. भाडे वेळेवर भरण्याच्या सूचना देण्यासाठी त्याने मोबाइलवर भाडेकरूंचा एक ग्रुप केला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यावर हिंदीत संदेश आला: शुभविवाहाच्या ठिकाणी प्रवेश केवळ पत्रिकाधारकांना, गैरसमजाबद्दल खेद, सर्वांचे आशीर्वाद असू द्यावेत. खाली हात जोडल्याची तीन चित्रे होती. सुलूला ज्यासाठी दारोदार फिरावे लागले असते, ते आळीच्या प्रत्येक खिशात एका क्षणात पोचले. निमंत्रणाला उंबरा लागतो. हाकलायला नेटवर्क पुरते.

सुलूला हे इंद्रजीतकडून कळले, पण त्याने ते सांगितले नाही. संध्याकाळी तो दाराशी येऊन चपला न काढताच म्हणाला, “चाची, माफ करना. शादी के दिन मेरी ड्यूटी लग गई. सुपरवाइजर माना नहीं. और दीपिका की तबियत भी ठीक नहीं. हम लोग नहीं आ पाएँगे.”

त्याच्यामागे, नळापाशी, दीपिका हंडा भरत उभी होती. तिची तब्येत उत्तम होती.

“बाकी लोग भी बोल रहे थे,” इंद्रजीत खाली बघत म्हणाला, “सबका कुछ न कुछ काम निकल आया. आप बुरा मत मानना.”

सबंध आळीने तिच्यासाठी खोटे बोलायचे ठरवले होते. सुलूने मान हलवली. तो वळल्यावर तिने दार लावले आणि कडी घातल्यावरही बराच वेळ हात कडीवरच राहू दिला.

लग्नाच्या दिवशी दुपारी तिला न्यायला गाडी आली. ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून ती आळीच्या तोंडाशी, बुजवलेल्या विहिरीच्या कठड्यावर बसली होती. चालकाने दार उघडून धरले.

“शैलेशदादांनी बोलावलंय, आजी. चला, उशीर होतोय.”

“अजून मानसं यायची हायत,” सुलू म्हणाली. “बोलावणारी शेवटी जाते.”

“कुणी नाही यायचं आता. सगळे तिकडे पोचलेत.”

“मंग मी आवतण कुणाला दिलं व्हतं?”

चालकाने फोन लावून तिच्या हातात दिला. मागे सनई आणि ढोल एकात एक मिसळून वाजत होते. “काकी,” शैलेश म्हणाला, “किंजल विचारते आहे. तमाशा करू नकोस. बस गाडीत.” थोडे थांबून तो म्हणाला, “ठीक आहे. एक तारखेला येतो मी. बोलू खोलीचं.” आवाज मऊ होता.

गाडी गेली. ती तशीच बसून राहिली. पाळी सुटून येणारे कामगार तिच्या पुढून जाताना सायकलवरून उतरत, चालत पुढे जात आणि मग पुन्हा सायकलवर बसत. तिला तहान लागली होती, पण माणसे जेवली नव्हती.

उन्हे उतरली तशा आळीत चुली पेटू लागल्या. आधी मोहरीचे तेल, मग लसूण, मग कुठेतरी सुकी मासळी. दार उघडून आवतण घेतलेल्या प्रत्येक घरात आज स्वयंपाक होत होता. सुलू उठली, खोलीवर आली, दिवा लावला. शेगडीकडे तिने पाहिले आणि हात मागे घेतला. पहिले आवतण बोलावणारी स्वतःच्या उंबऱ्याला देते. ते कुणी परत घेतले नव्हते. तिची चूल बंद होती.

दाराशी पावले वाजली तेव्हा तिला वाटले, शैलेशने एक तारखेची वाटही पाहिली नाही.

जिवली होती. उंबऱ्याबाहेर थांबली होती. तिने मुठीतले तांदूळ चिमटीत घेतले. कोरडे, कुंकू न लावलेले, रेशनचे. वाकून तिने ते उंबऱ्यावर ठेवले. नेमके काय म्हणायचे ते तिला आठवेना बहुधा, कारण ती नुसतीच म्हणाली, “चल. तुजी चूल नाय पेटली आज. वास आला नाय.”

सुलू उभी राहिली. पन्नास वर्षांत तिने नाल्याकडच्या कुठल्याही घरात पाणीसुद्धा घेतले नव्हते. तिची नजर मांडणीकडे गेली. कुणी न सांगता तिने तिथून आपले ताट काढले, एक वाटी घेतली, दोन्ही पदराखाली धरली आणि दारात आली.

जिवलीने ताटाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

“भांडं नको आणू,” ती म्हणाली. “हाय माजेकडं.”

सुलूने ताट उंबऱ्याच्या आत जमिनीवर पालथे ठेवले, त्यावर वाटी ठेवली, तांदळांवर पाय पडू नये म्हणून लुगडे थोडे वर धरले, आणि ती जिवलीच्या मागून चालू लागली.